राखीव बाकावरचा कच्चा क्वार्टरबॅक घडवायचा कसा

दर वर्षी एप्रिलच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे कॉलेज खेळाडूंच्या निवडीत, एनएफएल या अमेरिकन फुटबॉल लीगमधला कुठला ना कुठला संघ असा एक मुलगा क्वार्टरबॅक म्हणून, म्हणजे आक्रमण चालवायला आणि चेंडू फेकायला, उचलतो: हातात भलती ताकद, पळायला चपळ, उंचापुरा, आणि कॉलेजात पहिल्या स्नॅपपासून (स्नॅप म्हणजे सेंटरने चेंडू मागे देऊन खेळ सुरू करणं) खेळलेले सामने मोजून तेरा किंवा सतरा. अँथनी रिचर्डसन 2023 मध्ये तेरा सामन्यांच्या जोरावर चौथ्या क्रमांकावर गेला, ट्रे लान्स 2021 मध्ये सतरा सामन्यांच्या जोरावर तिसऱ्या. मग सगळे म्हणतात, “एक-दोन वर्षं बाकावर बसवा, शिकेल.” बसून कोणी शिकत नाही. बाकावरच्या वर्षांचा नीट आराखडा लागतो. असा मुलगा हाती असलेल्या प्रशिक्षकाने काय, कुठल्या क्रमाने आणि किती करावं, ते इथे मांडलं आहे.

क्रम महत्त्वाचा आहे, म्हणून तो आधीच सांगून टाकू. पहिल्यांदा कॉल (पुढच्या खेळाचा सांकेतिक आदेश) आणि घड्याळ, मग प्रोटेक्शन (क्वार्टरबॅकला वाचवणारी अडवणूक), मग पाय, मग डोळे, आणि सगळ्यात शेवटी हात. बहुतेक संघ उलटं करतात, कारण हात डोळ्यांना दिसतो.

आधी स्नॅपचा हिशेब

टंचाई गुणांची नसते, सरावातल्या स्नॅपची असते. वसंतातला ऑफसीझन कार्यक्रम नऊ आठवड्यांचा. त्यातले पहिले दोन आठवडे व्यायाम आणि बैठकांचे, पुढचे तीन मैदानावर पण समोर बचाव नसलेले, आणि शेवटच्या चार आठवड्यांत संघ समोरासमोर सराव करू शकतो, तोही जास्तीत जास्त दहा दिवस आणि पॅड न घालता. ट्रेनिंग कॅम्पमध्ये पॅड घालून सराव कमाल सोळा. हंगाम अठरा आठवड्यांचा, सामने सतरा, आणि त्या सगळ्या काळात पॅडचे सराव कमाल चौदा. 2020 च्या कामगार करारातले हे आकडे आहेत, त्यात मुख्य प्रशिक्षकाला हवं म्हणून वाढ होत नाही.

हंगाम सुरू झाला की बुधवार, गुरुवार आणि शुक्रवार हे सरावाचे दिवस. त्या तीन दिवसांत आपल्या आक्रमणाचे जवळजवळ सगळे स्नॅप मुख्य क्वार्टरबॅक घेतो. राखीव मुलाच्या वाट्याला हाताच्या बोटांवर मोजण्याइतके येतात, काही आठवडे एकही नाही. क्रिकेटमधला राखीव यष्टिरक्षक निदान रोज नेटमध्ये खऱ्या गोलंदाजीसमोर उभा राहतो. इथे ती सोय नाही. म्हणून जुलैच्या आधीच कागदावर लिहून काढा: कुठल्या दिवशी कुठल्या सत्रात त्याला किती स्नॅप, कोणत्या लाइनमागे (पुढच्या पाच अडवणाऱ्यांमागे), कोणत्या विषयासाठी. मुख्य प्रशिक्षकाची त्यावर संमती घ्या, नाहीतर पहिल्या पराभवानंतर ते स्नॅप आधी कापले जातात.

त्याची खुर्ची कुठली

पहिल्या वर्षी त्याला तिसऱ्या क्रमांकावर ठेवणं बहुधा शहाणपणाचं. दुसऱ्या क्रमांकावर एखादा अनुभवी, कमी पगाराचा, सामना सांभाळू शकेल असा माणूस घ्या. जानेवारी 2023 मध्ये फिलाडेल्फियातल्या एनएफसी (लीगच्या दोन गटांपैकी एक) अंतिम सामन्यात फोर्टी नाइनर्स संघाचे ब्रॉक पर्डी आणि जॉश जॉन्सन हे दोन्ही क्वार्टरबॅक जखमी झाले. दुखऱ्या कोपराने पर्डी मैदानावर परतला, पण त्याला चेंडू फेकताच येत नव्हता. त्यानंतर लीगने त्याच वर्षी आपत्कालीन तिसऱ्या क्वार्टरबॅकचा नियम परत आणला. तो मुलगा सामन्याच्या दिवशी गणवेशात असतो, पण खेळणाऱ्यांतली जागा अडवत नाही. आधीचे दोघे जायबंदी झाले किंवा बाद झाले तरच त्याला उतरता येतं. शिकाऊ मुलासाठी ही खुर्ची आयती आहे.

ऑगस्टअखेरच्या कपातीत त्याला सोडून नंतर प्रॅक्टिस स्क्वॉडमध्ये (सरावापुरत्या संघात) परत घेऊ, असा हुशारीचा बेत मात्र करू नका. कमी वर्षांच्या खेळाडूला सोडलं की तो वेव्हर्सवर जातो आणि कुठलाही संघ त्याला उचलू शकतो. ताकदवान हाताचा पोरगा तिथे फार वेळ पडून राहत नाही.

एक गैरसमजही काढून टाका. मुख्य क्वार्टरबॅकने त्याला शिकवावं अशी अपेक्षा ठेवू नका. 2017 मध्ये कॅन्सस सिटीचा मुख्य क्वार्टरबॅक अ‍ॅलेक्स स्मिथने नवख्या पॅट्रिक महोम्सला आपली तयारी मोकळेपणाने पाहू दिली, हा त्याचा मोठेपणा. तो कराराचा भाग नव्हता. शिकवायची जबाबदारी क्वार्टरबॅक कोचची, आणि रोजच्या कवायतीसाठी एका कनिष्ठ सहायकाची. त्या सहायकाचं नाव ठरलेलं असू द्या.

पहिला टप्पा: कॉल, हडल आणि घड्याळ

आजच्या बऱ्याच कॉलेज संघांत हडल, म्हणजे खेळाआधी सगळ्यांनी घोळक्यात जमणं, होतच नाही. बाजूच्या रेषेवरून फलक किंवा हातवारे दिसतात, मुलगा शॉटगनमध्ये, म्हणजे सेंटरपासून काही यार्ड मागे, उभा असतो, टाळी वाजवतो, चेंडू येतो. एनएफएलमध्ये त्याच्या कानात असं काही ऐकू येतं:

“ट्रिप्स राइट, एफ शॉर्ट, 2 जेट, वाय स्टिक, एक्स स्लँट, ऑन वन.”

हा मध्यम लांबीचा कॉल आहे, यापेक्षा दुप्पट लांब कॉलही असतात. यात रचना आहे (उजवीकडे तीन रिसीव्हर, म्हणजे पास झेलणारे), कोण हलणार ते आहे, प्रोटेक्शन आहे, उजवीकडची कल्पना आहे, डावीकडचा एकटा रूट (धावण्याचा मार्ग) आहे आणि चेंडू कितव्या आवाजाला येणार तेही आहे. तो ऐकायचा, दहा जणांना न अडखळता सांगायचा, आणि सांगतानाच डोक्यात चित्र उभं करायचं.

दोन खेळांमधलं घड्याळ चाळीस सेकंदांचं. पंधरा सेकंद उरले की हेल्मेटमधला रेडिओ आपोआप बंद होतो. त्यानंतर मदतीला कोणी नाही. कच्च्या मुलासाठी लक्ष्य असं ठेवा: बावीस सेकंद उरले असताना हडल सुटलेली, अठराच्या आसपास लाइनवर, रेडिओ बंद होण्याआधी कोचकडून एखादी आठवण ऐकून झालेली, आणि स्नॅप तीन सेकंद उरण्याआधी. हडलमध्ये दोन सेकंद वाया गेले की लाइनवर बचाव वाचायला वेळ उरत नाही, मग तो पाहिलेलं न पाहिल्यासारखं करून चेंडू मागतो. ज्याला आपण “बचाव वाचता येत नाही” म्हणतो, त्यातला निम्मा दोष इथे हडलमध्येच असतो.

कवायत सोपी आहे. कोचने दुसऱ्या दिवशीचे पंधरा कॉल स्वतःच्या आवाजात फोनवर रेकॉर्ड करायचे, मागे प्रेक्षकांचा गोंगाट मिसळायचा. मुलाने रात्री खोलीत उभं राहून एकदाच ऐकायचं आणि मोठ्याने परत म्हणायचं. मनात म्हटलेलं चालत नाही, जीभ अडखळते ती मोठ्याने म्हणतानाच. पुन्हा ऐकावं लागलं तर तो कॉल चुकला असं धरायचं. पंधरापैकी चौदा सलग तीन रात्री बरोबर आले की लांबी वाढवा. मनगटावरच्या पट्टीवर क्रमांक लिहून कॉल छोटा करता येतो, आणि सामन्यात ती सोय जरूर वापरा. मात्र शिकण्याच्या महिन्यांत पट्टी नको.

याच टप्प्यात सेंटरच्या मागून थेट चेंडू घेणं. शॉटगनमध्येच वाढलेल्या मुलाने हे आयुष्यात क्वचित केलेलं असतं. रोज सरावाआधी पन्नास स्नॅप, तिन्ही सेंटरांकडून, कारण प्रत्येकाचा चेंडू वेगळ्या उंचीवर आणि वेगळ्या जोराने येतो. त्यातले दहा ओल्या चेंडूने. चेंडू निसटतो तो जवळजवळ नेहमी एकाच कारणाने: पळायची घाई म्हणून मुलगा हात आधी मागे घेतो. वरच्या हाताने सेंटरला हलका दाब देत राहायचं आणि पहिलं पाऊल टाकतानाही हात त्याच्याबरोबर पुढे जाऊ द्यायचे.

दुसरा टप्पा: प्रोटेक्शन

इथे घाई केली की मुलगा जायबंदी होतो, म्हणून सगळ्यात जास्त वेळ इथे द्या.

सुरुवातीला फक्त दोन प्रोटेक्शन शिकवा. एक सहा जणांचं: लाइनचे पाच आणि एक रनिंग बॅक. सेंटरसह तिघे एका बाजूला सरकतात, उरलेले दोघे आपापला माणूस घेतात, बॅक त्यांच्या बाजूचा लाइनबॅकर (बचावाच्या दुसऱ्या फळीतला) तपासतो. दुसरं सात जणांचं, टाइट एंडसह (लाइनच्या कडेचा खेळाडू), प्ले-अ‍ॅक्शनसाठी, म्हणजे धावेचं सोंग करून पास देण्यासाठी. पहिल्या कॅम्पपर्यंत एवढंच.

प्रत्येक स्नॅपआधी त्याने एका प्रश्नाचं उत्तर द्यायचं: “माझा कोण?” म्हणजे सहा जण अडवणार असतील आणि सातवा आला, तर तो मोकळा सुटणारा कोण. त्याच्याकडे बोट दाखवता आलं पाहिजे, आणि तो आला तर चेंडू कोणाकडे जाणार हेही सांगता आलं पाहिजे. उत्तर नसेल तर स्नॅप घ्यायचा नाही, सराव थांबवायचा. पहिले दोन आठवडे सराव सारखा थांबेल, लाइनचे खेळाडू वैतागतील. थांबू द्या.

ब्लिट्झच्या, म्हणजे जास्तीच्या बचावपटूंनी क्वार्टरबॅकवर धावून जाण्याच्या, खुणा मोजक्या आहेत. सेफ्टी, म्हणजे सगळ्यात मागचा बचावपटू, एरवी दहा-बारा यार्डांवर असतो. तो आठवर आला आणि अजून पुढे सरकतोय, तर खूण. स्लॉट (आतल्या) रिसीव्हरसमोरचा निकेल कॉर्नर (जादा बचावपटू) आत सरकला आणि त्याच्या मागे, त्याच रिसीव्हरवर, एक सेफ्टी येऊन उभा राहिला, तर ही सगळ्यात विश्वासू खूण. लाइनबॅकरचं वजन टाचांवरून चवड्यांवर गेलं, तर खूण. बचावपटू हे पत्ते घड्याळाच्या शेवटच्या पाच-सहा सेकंदांत उघडतात. म्हणून मुलाला आवाज बदलायला शिकवा: एकदा पहिल्याच आवाजाला चेंडू, एकदा खोटा जोरदार आवाज देऊन थांबायचं, एकदा दुसऱ्याला. दर वेळी एकाच आवाजाला चेंडू मागणारा राखीव क्वार्टरबॅक ब्लिट्झ करणाऱ्यांना वेळ जुळवून देतो.

पॅकर्सचा राखीव क्वार्टरबॅक जॉर्डन लव्ह सुरुवातीपासून खेळला त्या पहिल्या सामन्यात नेमकं हेच दिसलं. 7 नोव्हेंबर 2021, कॅन्सस सिटी. कोविडमुळे मुख्य क्वार्टरबॅक अ‍ॅरन रॉजर्स बाहेर. चीफ्सनी लव्हवर ब्लिट्झचा मारा केला, त्याने 34 पैकी 19 पास पूर्ण केले, 190 यार्ड मिळाले, आणि पॅकर्स 13-7 ने हरले. त्याच्या हाताची ताकद त्या दिवशी कमी नव्हती. मोकळ्या सुटणाऱ्या माणसाला झटपट उत्तर कमी पडलं. कच्चा मुलगा उतरला की समोरच्या बचावाचा समन्वयक (आखणी करणारा प्रशिक्षक) ब्लिट्झच करणार, हे गृहीतच धरा.

तिसरा टप्पा: पाय

पाय म्हणजे क्वार्टरबॅकचं घड्याळ. नियम असा: ड्रॉप, म्हणजे चेंडू घेऊन मागे जाणं, संपल्यावर मागचा पाय रोवला तो क्षण पहिल्या रिसीव्हरचा. तो मोकळा नसेल तर पुढे एक छोटी उडी, म्हणजे हिच, तो क्षण दुसऱ्याचा. दुसरी हिच तिसऱ्याची. त्यानंतर बॅककडे छोटा पास किंवा पळणं. पाय आणि नजर असे बांधले की “किती वेळ थांबू?” हा प्रश्नच उरत नाही.

वरच्या स्टिक कल्पनेवर हे नीट दिसतं. उजवीकडे सगळ्यात आतला वाय सहा यार्ड जाऊन वळतो, त्याच्या बाहेरचा झपकन बाजूच्या रेषेकडे जातो, सगळ्यात बाहेरचा सरळ खोल धावतो. वाचायचा माणूस एकच: आतल्या दोघांच्या मधला बचावपटू. तो बाहेर धावला तर चेंडू वायला, तो जागेवर थांबला तर बाहेरच्याला. शॉटगनमधून तीन जलद छोटी पावलं आणि चेंडू सुटला पाहिजे, हिच नाहीच. कच्चा मुलगा काय करतो? वाय वळून त्याच्याकडे बघेपर्यंत थांबतो, म्हणजे खात्री करून घेतो. तेवढ्यात लाइनबॅकर पोचतो. चेंडू वाय वळत असतानाच सुटला पाहिजे. कॉलेजात रिसीव्हर चार यार्डांनी मोकळा असायचा, इथे एका यार्डाने असतो, आणि त्याला मोकळं म्हणायचं हेच शिकायला काही महिने लागतात.

मैदानावर टेपने खुणा करा. शॉटगनमध्ये चेंडू पाच यार्डांवर मिळतो, तीन पावलांचा ड्रॉप सात-आठ यार्डांवर संपला पाहिजे. बरेच मुलगे घाबरून दहापर्यंत मागे वाहवत जातात. टॅकल (लाइनच्या टोकाचा अडवणारा) मात्र सात-आठ यार्डांचं गणित धरून कडेच्या माणसाला वळसा घालायला लावत असतो. क्वार्टरबॅक दहावर गेला की तो वळसा थेट त्याच्यावरच येऊन संपतो. लोक टॅकलला शिव्या देतात. फिल्मवर आधी ड्रॉपची खोली मोजा.

पॉकेटमधली (अडवणाऱ्यांच्या कवचातली) कवायत: दोन सहायक हातात झाडू किंवा फोमचे दांडे घेऊन डावीकडून-उजवीकडून घुसतात, मुलाने सहा इंचांची पावलं टाकत सरकायचं, दोन्ही हात चेंडूवर, डोळे वर, आणि जाळीत थ्रो. दिवसाला बारा, त्याहून जास्त केलं की पाय जड होतात आणि चुकीचीच सवय मुरते. नजर झाडूकडे गेली की तो थ्रो बाद. आणि स्वच्छ पॉकेट सोडून उजवीकडे पळून जाणं, हा चपळ मुलांचा आवडता आजार, दर फिल्मसत्रात वेगळा मोजा. पळण्यावर बंदी घालू नका, त्याचे पाय हेच पहिल्या दोन वर्षांतलं त्याचं खरं हत्यार आहे. फक्त तिसऱ्या नजरेनंतर पळ, आणि पळालास की घसरून खाली बस, एवढी अट.

चौथा टप्पा: डोळे

स्नॅपआधी मैदानाच्या मध्यभागी एक खोल सेफ्टी की दोन, यावरून सुरुवात. एक असेल तर मध्य बंद: कव्हर 1 किंवा कव्हर 3 (ही बचावाच्या रचनांची नावं). दोन असतील तर मध्य उघडा: कव्हर 2 किंवा 4. मग एक खेळाडू हलवून बघा. त्याच्यामागे एक बचावपटू मैदानभर धावला तर बहुधा माणसाला माणूस, सगळे नुसते एकेक पाऊल सरकले तर झोन (जागा वाटून केलेला बचाव). मग कॉर्नरची (कडेच्या बचावपटूची) नजर: तो रिसीव्हरकडे बघतोय की क्वार्टरबॅककडे?

एनएफएलमधले बचाव हे सगळं खोटं दाखवतात, आणि स्नॅपनंतर सेफ्टी फिरतात. म्हणून दुसरी पायरी: ड्रॉपच्या पहिल्या पावलाला नजर सेफ्टीवर, रिसीव्हरवर नाही. कवायतीत कोच सेफ्टीच्या जागी उभा राहतो आणि स्नॅपनंतर डावीकडे, उजवीकडे किंवा मागे सरकतो. मुलाने तोंडाने “उघडा” किंवा “बंद” म्हणतच ड्रॉप पूर्ण करून त्या बाजूच्या जाळीत थ्रो करायचा.

फिल्मची पद्धत बदला. नुसती फिल्म दाखवणं म्हणजे झोपायची सोय. स्नॅपच्या एक सेकंद आधी चित्र थांबवा आणि चार प्रश्न, पाच सेकंदांत: मध्य उघडा की बंद, किती जण येणार, माझा कोण, चेंडू कुठे. मग चालू करा. बैठकीत असे चाळीस स्नॅप पुरेत, त्यापुढे तो अंदाज मारायला लागतो. काही मुलगे आता आभासी चष्म्यावर हे करतात. जेडन डॅनियल्सने लुइझियाना स्टेटमध्ये असताना ती पद्धत वापरली होती. बाकावरच्या मुलासाठी ती उपयोगाचीच, कारण शरीर न थकवता स्नॅप मिळतात. पण तिथे कोणी अंगावर येत नाही, हे विसरू नका.

हात

थोडक्यात, कारण इथे हंगामात करण्यासारखं फार नाही. चेंडू उंच जातो तेव्हा बहुधा पुढचं पाऊल फार लांब पडलेलं असतं. डावीकडे ओढला जातो तेव्हा उजव्या हाताच्या मुलाचा पुढचा खांदा लवकर उघडलेला असतो. दोन्ही पायांचेच दोष. खांदा आणि कोपराच्या मार्गात बदल फक्त जानेवारी ते एप्रिल. हंगामात हाताबद्दल बोललं की मुलगा सामन्यात हाताचाच विचार करतो आणि सेफ्टी विसरतो. जोश अ‍ॅलनची अचूकता 2018 मध्ये 52.8 टक्के होती, 2019 मध्ये 58.8 आणि 2020 मध्ये 69.2. सुधारणेचं मूळ काम ऑफसीझनमध्ये झालं. चांगला रिसीव्हर मिळणं हाही त्यात मोठा वाटा होता, हे सांगायला प्रशिक्षक विसरतात. जोरकस थ्रो मोजा, सरावाच्या दिवशी साठ-सत्तरपुढे नको.

हंगामातला आठवडा

स्काउट टीम चालवणं, म्हणजे आपल्या बचावासमोर पुढच्या प्रतिस्पर्ध्याचं आक्रमण उभं करणं, हे राखीव मुलाचं रोजचं काम. सहायक एक चित्र असलेलं कार्ड धरतो, मुलगा बघतो, चेंडू फेकतो. असं केलं तर वर्ष वाया. त्याऐवजी कार्ड बघून त्याने तो खेळ आपल्या प्लेबुकच्या भाषेत हडलमध्ये सांगायचा. जवळपास प्रत्येक संघाकडे तीच कल्पना वेगळ्या नावाने असते. मग प्रोटेक्शन सांगायचं, आपले पाय, आपला नजरेचा क्रम. बचावाच्या कोचला कार्डावर गोल केलेल्या माणसाकडेच चेंडू हवा असतो, त्यावरून भांडण होईल. तडजोड अशी: पहिल्या दोन तृतीयांश स्नॅपमध्ये कार्डाप्रमाणे, उरलेल्यांत वाचून. हे स्नॅप आठवड्याला कितीतरी असतात, आणि समोर खरा एनएफएल बचाव असतो. टंचाईत सापडलेली ही एकमेव खाण.

मंगळवारी रात्री त्याने प्रतिस्पर्ध्याच्या थर्ड डाउनवरच्या (दहा यार्डांसाठीच्या चार प्रयत्नांपैकी तिसऱ्यावरच्या) ब्लिट्झचा अहवाल तयार करायचा, एका पानात, आणि बुधवारी सकाळी मुख्य क्वार्टरबॅकसमोर मांडायचा. चूक मांडली तर मुख्य खेळाडू तिथल्या तिथे पकडतो, आणि ती चूक परत होत नाही. शुक्रवारी सराव संपल्यावर दहा-बारा स्नॅप तरुण खेळाडूंसाठी राखून ठेवा: दुसरी लाइन, शिकाऊ रिसीव्हर, पूर्ण वेगाने, रेडिओसह. सामन्याच्या दिवशी त्याच्या कानात कॉल पोचलाच पाहिजे. प्रत्येक कॉल त्याने पुटपुटायचा, माणूस ओळखायचा, आणि स्नॅपनंतर डाउन, अंतर, कव्हरेज, दबाव एवढं कागदावर नोंदवायचं. बाजूच्या टॅब्लेटवर स्थिर चित्रं दिसतात, ती मुख्य क्वार्टरबॅकच्या शेजारी बसून बघायची, बोलायचं मात्र विचारलं तरच.

प्रीसीझन

हंगामाआधीचे हे सराव सामने आता तीनच असतात. तिसऱ्या दर्जाच्या लाइनमागे चौथ्या क्वार्टरमध्ये उतरवून त्याची परीक्षा घेऊ नका. आक्रमणाच्या निदान दोन मालिका पहिल्या लाइनमागे मागून घ्या. उलट बाजूही लक्षात ठेवा: प्रीसीझनमध्ये बचाव साधे असतात, ब्लिट्झ कमी, फिरवाफिरवी कमी. तिथल्या तीन टचडाउनवरून हुरळून जाऊ नये. 2020 मध्ये साथीमुळे प्रीसीझन रद्द झाला आणि लव्हचं पहिलं वर्ष एकाही खऱ्या स्नॅपशिवाय गेलं. त्याने शिकायला आणखी दोन वर्षं घेतली याचं कुणाला नवल वाटू नये.

तो अचानक उतरला तर

मुख्य क्वार्टरबॅक जमिनीवर पडला की राखीव मुलाने आधी त्या सामन्यातल्या सेंटरला गाठायचं आणि चार स्नॅप घ्यायचे. हेल्मेटचा रेडिओ तपासायचा. पहिले तीन कॉल आठवड्याआधीच ठरलेले असावेत आणि त्याने स्वतः निवडलेले: एक धाव, एक स्क्रीन (अडवणाऱ्यांच्या आड छोटा पास), एक बूटलेग (धावेचं सोंग करून कडेला पळत पास), ज्यात अर्धंच मैदान वाचायचं असतं. थर्ड डाउनला दहा यार्ड हवे असतील तर ड्रॉ (पासचं सोंग करून धाव) खेळून पंट करा, म्हणजे चेंडू लाथेने लांब द्या. त्यात कमीपणा नाही.

पूर्ण आठवडा मिळाला तर काय करता येतं, त्याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण मलिक विलिस. टायटन्सनी त्याला 2022 मध्ये तिसऱ्या फेरीत, 86 व्या क्रमांकावर घेतलं आणि त्याच हंगामात तीन सामन्यांत सुरुवातीपासून उतरवलं. हंगामभरात 61 पैकी 31 पास पूर्ण, एकही टचडाउन पास नाही. डिसेंबरअखेर शेवटच्या दोन सामन्यांसाठी जेमतेम आठवडाभर आधी आलेल्या जॉशुआ डॉब्सला पुढे केलं गेलं. ऑगस्ट 2024 च्या शेवटी पॅकर्सनी सातव्या फेरीच्या एका निवडीच्या बदल्यात विलिसला आणलं. साओ पाउलोतल्या पहिल्याच सामन्यात लव्हचा गुडघा दुखावला, आणि 15 सप्टेंबरला, संघात येऊन तीन आठवडेही झाले नसताना, विलिस कोल्ट्सविरुद्ध उतरला. पॅकर्सनी 53 वेळा धाव घेतली, 261 यार्ड. विलिसने चेंडू फेकला फक्त 14 वेळा, त्यातले 12 पूर्ण. 16-10 ने विजय. पुढच्या आठवड्यात टायटन्सविरुद्धच, थोडं जास्त देऊन, 19 पैकी 13, 202 यार्ड, शिवाय पळून 73, आणि 30-14.

यातून आराखडा उचलता येतो. बुधवारी त्याला पूर्ण कॉलशीट (खेळांची यादी) द्या आणि नको ते खोडायला सांगा. खोडलेलं वादाशिवाय बाहेर. उरलेल्यांतून पासच्या आठ-दहा कल्पना, प्रत्येक दोन-तीन रचनांतून, म्हणजे बचावाला वेगळं दिसतं आणि त्याला तेच असतं. पहिले पंधरा खेळ क्रमाने लिहून शनिवारी रात्री त्याच्याकडून म्हणवून घ्या. फर्स्ट डाउनला पास, तोही प्ले-अ‍ॅक्शनने, कारण सगळे धावेची वाट बघत असतात. पहिल्या सामन्यात जे जमलं त्यावर दुसऱ्यात दोन-तीन कल्पनाच वाढवा.

मोजमाप आणि निर्णय

टचडाउन मोजू नका. प्रत्येक स्नॅपला पाच खुणा: कॉल व घड्याळ, प्रोटेक्शन, पाय, नजर, थ्रो. सरावातल्या स्काउट स्नॅपलाही. पहिल्या वर्षाअखेर पहिल्या दोन खुणा दहापैकी नऊ वेळा मिळत नसतील तर मुलगा अभ्यास करत नाही किंवा तुमची भाषा त्याला पेलत नाही, आणि यातलं कुठलं ते आधी शोधा. दुसऱ्या वर्षाअखेर पाय आणि नजर. थ्रोची खूण सगळ्यात शेवटी स्थिर होते, तिला उशीर झाला तर चालतं.

करार चार वर्षांचा असतो. पहिल्या फेरीतल्या मुलासाठी पाचव्या वर्षाचा पर्याय तिसऱ्या हंगामानंतरच्या मे महिन्यात वापरायचा की नाही ते ठरवावं लागतं, आणि बाकावरच्या मुलाबाबत हातात पुरावा थोडा असतो. पॅकर्सनी मे 2023 मध्ये लव्हचा तो पर्याय न वापरता एका वर्षाची वेगळी मुदतवाढ केली, कमी खात्रीच्या पैशांत. त्या हंगामात त्याने 4159 यार्ड आणि 32 टचडाउन पास दिले, आणि जुलै 2024 मध्ये मोठा करार झाला. दोन्ही बाजूंना परवडणारी ही मधली वाट आहे.

खुणा हलतच नसतील तर दुसऱ्या कॅम्पच्या शेवटाला त्याला घेईल अशा संघांना फोन फिरवायला लागा. किंमत झपाट्याने उतरते: लान्ससाठी फोर्टी नाइनर्सनी पुढच्या वर्षांच्या पहिल्या फेरीच्या निवडींवर पाणी सोडलं होतं, आणि तो सुरुवातीपासून खेळलेल्या चार सामन्यांनंतर, ऑगस्ट 2023 मध्ये, डॅलसकडून त्यांना चौथ्या फेरीची एक निवड मिळाली.